चंद्रपूर ते वडसा, हातमोज्यांचे दोन जोड

चंद्रपूरहून वडशाला सायकलनं जायला किती दिवस लागतात असं कोणी विचारलं, तर मी पाच महिने सांगते. त्यातले चार दिवस रस्त्यावरचे. बाकीचे हातमोजे निवडण्यात गेले.

आमच्या घरचे हे ऐकून हसले, तसे तुम्हीही हसाल, म्हणून कारण आधीच सांगते. मी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने घेते. या कामाला तेवीस वर्षं झाली. लोकांना हे काम सुईचं वाटतं, पण ते बोटाचं आहे. दंडाला पट्टा बांधायचा, कोपराच्या खळगीत तर्जनीचं टोक ठेवायचं आणि शीर शोधायची. दिसते ती शीर चांगली असतेच असं नाही. बोटाखाली जी रबरासारखी दबते आणि परत वर येते, ती खरी. मला ती डोळे मिटून सापडायची.

तीन वर्षांपूर्वी माझी साखर थोडी वर गेली आणि मी सायकल घेतली. साखर उतरली, सायकल राहिली. गेल्या जुलैत मी भद्रावतीला जाऊन आले. जाण्यायेण्याचे बावन्न किलोमीटर झाले. घरी आल्यावर दोन्ही हातांची अंगठ्याजवळची दोन दोन बोटं बधिर झाली होती. रात्रभरात उतरेल असं वाटलं, ते उतरलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता एका म्हाताऱ्या बाबांना मी दोनदा टोचलं आणि दोन्ही वेळा रक्त मिळालं नाही. शेवटी माझ्यासोबत काम करणाऱ्या मुलीला बोलावलं. बाबा म्हणाले, "होते बाई कधी कधी." ते चिडले असते तर बरं वाटलं असतं.

हाडांच्या डॉक्टरांनी मनगट दाबून, वाकवून पाहिलं. हँडलच्या दाबानं मनगटातली नस दबते, नीट हातमोजे वापरा, तरीही बोटं बधिर झाली तर सायकल सोडा, असं स्पष्ट सांगितलं. मीही मनाशी तेवढंच स्पष्ट ठरवलं. आणखी एक लांबचा प्रवास करून पाहायचा. बोटं शाबूत राहिली तर सायकल ठेवायची, नाहीतर विकून टाकायची. सायकल मला फार आवडते, पण सकाळी आठ वाजता माझ्यासमोर बाही वर करून बसणाऱ्यांचा त्यात काय दोष?

हातमोजे घेताना मी दोन चुका केल्या. पहिली चूक मापाची. बोटांच्या मुळाशी, अंगठा सोडून, माझ्या तळहाताचा घेर साडेअठरा सेंटिमीटर भरतो. त्याला मधलं माप लागतं. पण कामावरचा रबरी हातमोजा कातडीसारखा बसला तरच हाताला शीर कळते, या सवयीनं मी एक नंबर लहान घेतला. दुसरी चूक अशी की दुकानात मी पंजा सरळ पसरून मोजा घालून पाहिला. सायकल पंजा पसरून चालवत नाहीत. मूठ वळली की सरळ हातावर छान दिसणारा मोजा तळव्यात गोळा होतो. हे मला घरी येऊन कळलं. दुकानदार तर सुरुवातीलाच म्हणाला होता, "बाई, लेडीज साइज येतच नाई. पोरांचा देऊ का?"

शेवटी दोन जोड ठरले, दोन्ही एक नंबर लहानच. एक लाल, तळव्यावर जेलची जाड गादी असलेला. दुसरा काळा, मऊ चामड्याचा, पाठीवर जाळी आणि फक्त तळव्याच्या दोन कडांना पातळ फोम. दोन्ही अर्ध्या बोटांचे, मनगटावर चिकटपट्टीचे.

प्रवासाचं निमित्त माझ्या नणंदेनं, रंजनानं, दिलं. ती आरमोरीला असते, जवळच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिची लग्नाआधीची सायकल आमच्याच घरी पडून होती. डिसेंबरच्या शेवटी माहेरी आली आणि म्हणाली, "सायकल नेतो आता. शाळेत जाले कामी येईन." माझे मिस्टर म्हणाले, टेम्पोत टाकून देतो. तर म्हणते, "टेम्पोत काऊन? तिले चाकं नाई का?"

असं आमचं ठरलं. रोजची परीक्षाही ठरली. मुक्कामाला पोचल्यावर मी डोळे मिटून रंजनाच्या दोन्ही हातांवर पाच ठिकाणी शीर शोधायची, तिनं तिथे बॉलपेननं ठिपका द्यायचा आणि मग मी डोळे उघडून तपासायचं. निघण्याच्या आदल्या दिवशी पाचपैकी पाच आले.

बुधवार. चंद्रपूर ते मूल

सेहेचाळीस किलोमीटर. लाल जोड.

शहर सुटलं की रस्ता जंगलात शिरतो आणि पुष्कळ अंतर जंगल सोबत करतं. सागाची पानं अजून झाडावर होती, पण करपायला लागलेली. थंडी इतकी की पहिले चार किलोमीटर आम्ही दोघी एकमेकींशी बोललोही नाही. नाक्यावर वनरक्षकानं हात दाखवला. चाळिशीचा, गळ्यात मफलर.

"कुठी निघाल्या?"

"आरमोरीले," रंजना म्हणाली.

"सायकलनं?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी वयानं मोठी, तेव्हा अक्कल माझ्याकडे असावी असा त्याचा अंदाज. "बाई, आठ दिवसांआधी इथीच रस्ता ओलांडला वाघानं. मोटरसायकलवाला थांबून फोटो काढून राह्यला होता, आमीच ओरडलो त्याच्यावर."

"मग आमी काय करावं?"

"थांबा. सोबत देतो."

सोबत म्हणजे दहा मिनिटांनी आलेला धानाच्या तणसाचा ट्रॅक्टर. त्याच्या मागं मागं जायचं, थांबायचं नाही आणि फोटो काढायचे नाहीत, अशा तीन अटी. ट्रॅक्टर ताशी चौदा किलोमीटरनं चालला होता. माझ्या सायकलचा तोच वेग आहे. रंजनाच्या जुन्या सायकलचा नाही. ती दात ओठ खात पायडल मारत होती आणि वरून तणसाच्या काड्या तिच्या डोक्यावर पडत होत्या.

"वहिनी," ती ओरडली, "वाघानं पायलं तरी म्हणंन, हे गवताची पेंडी आहे, जाऊ द्या!"

एक तास आणि पाच मिनिटं हात हँडलवरून निघाले नाहीत. एरवी मी दर वीस मिनिटांनी हात झटकते. इथे झटकायची सोय नव्हती, कारण एका हातानं चालवताना माझा तोल जातो आणि ट्रॅक्टर थांबणार नव्हता. चाळीसाव्या मिनिटाला तर्जनीला मुंग्या आल्या. पन्नासाव्याला मधलं बोट गेलं. चिचपल्लीला चहाचा ग्लास हातात घेतला तर तो गरम आहे हे करंगळीला कळत होतं, तर्जनीला नाही.

मूलला रंजनाच्या मैत्रिणीकडे उतरलो. तिनं हातपाय धुवायला गरम पाणी दिलं, जवसाची चटणी, आंबाडीची भाजी आणि तूप सोडलेला नव्या धानाचा भात वाढला. मी एरवी भात मोजून खाते. त्या दिवशी मोजला नाही.

मग परीक्षा. पाचपैकी दोन. एक ठिपका तर शीर सोडून चक्क स्नायूच्या दोरीवर होता.

"हे काय आहे?" रंजनानं विचारलं.

"हा स्नायू."

"इथी सुई टोचली असती तर?"

"तू ओरडली असतीस."

"मी कायची ओरडतो? मी तुमाले चावलो असतो," ती म्हणाली आणि मैत्रिणीची आई इतकी हसली की तिला ठसका लागला. मलाही हसू आलं, पण मोजे धुवायला घेतले तेव्हा दिसलं, अंगठा आणि तर्जनीच्या मधली लाल जोडाची शिवण उसवली होती. सेहेचाळीस किलोमीटरमध्ये! हँडल धरताना सगळी ओढ त्याच जागी बसते. तिथे दुहेरी शिवण नसेल तर मोजा घेऊ नये, हे मी त्या रात्री लिहून ठेवलं. शिवण मी सुईदोऱ्यानं घातली. सुईत दोरा मात्र मैत्रिणीच्या आईनं ओवून दिला.

गुरुवार. मूल ते गडचिरोली

पस्तीस किलोमीटर. काळा जोड.

सकाळी मूलच्या बसस्टँडजवळ तर्रीवाले पोहे खाल्ले. पोह्यांवर चण्याचा लाल रस्सा, वर कांदा. चंद्रपुरातही हेच मिळतं, पण इथे रस्सा दुसऱ्यांदा मागितला तर देणारा बिघडत नाही. बोटं रात्रीतून साधारण सुधारली होती. तर्जनी आली होती, मधल्या बोटाचं टोक अजून कापसात गुंडाळल्यासारखं.

आज चामड्याचा जोड, म्हणून मी मुद्दाम काळजी घेतली. तो हातावर सरकायला नको, म्हणून मनगटाची पट्टी नीट ओढून, टोकाला टोक भिडवून बसवली.

मूल सोडलं की डोळ्यांपुढे धानाची मोकळी शेतं पसरतात. कापणी झालेली, खुंटांच्या मधून लाखोळी या डाळीच्या पिकाचा हिरवा पोपटी थर. आमच्याकडे दोरीवर वाळत घातलेला पांढरा रुमाल संध्याकाळी कोळशाच्या धुळीनं राखाडी होतो. इथे माझा रुमाल दुसऱ्या दिवशीही पांढराच. मी रंजनाला दाखवला. ती म्हणाली, "तुमी नाक पुसत नाई त्याले, मी काय करू?"

तिचं म्हणणं बरोबर होतं. थंडीत सायकल चालवताना नाक वाहतं आणि चांगल्या मोज्याच्या अंगठ्यावर टॉवेलचं कापड त्यासाठीच असतं. काळ्या जोडाला ते आहे. पाहुण्यांसमोर सांगायची गोष्ट नाही, पण विकत घेताना पाहायची नक्की आहे.

पंचेचाळीस मिनिटं झाली आणि पुन्हा मुंग्या सुरू झाल्या. मला रडू यायचं बाकी राहिलं होतं. जाड गादीनं बोटं गेली, पातळ गादीनंही चालली. आता तिसरा पर्याय कुठला? मी मनातल्या मनात सायकल कोणाला द्यायची त्या नावांची यादी करायला लागले. यादीत दुसरं नाव आलं तोवर सावलीच्या अलीकडे रस्त्याला लागून तलाव दिसला.

या भागात गावोगावी जुने मालगुजारीच्या काळातले तलाव आहेत. त्यांना मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव म्हणतात. काठावर सात-आठ माणसं जाळं ओढत होती. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, एक म्हातारी बसून फाटलेलं जाळं सांधत होती आणि तिच्या बाजूला टोपलीत उकडलेले शिंगाडे. आम्ही थांबलो. तिनं नाव सांगितलं, पार्बता. शिंगाडे सोलायला मी मोजा काढायला लागले, तर तिचं लक्ष माझ्या हातावर गेलं.

"बाई, हात काऊन फुगला तुमचा?"

मी पाहिलं. मोज्याच्या जाळीतून हाताच्या पाठीवरच्या शिरा वर आल्या होत्या. मोजा काढला. अंगठ्याच्या बाजूची शीर दोरीसारखी उभी, तिला येऊन मिळणाऱ्या दोन फांद्याही स्पष्ट. आता खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी मला आनंदच झाला. इतकी सुंदर शीर महिन्यातून एखाद्याच हातावर दिसते. मी म्हणाले, "रंजना, बघ बघ, काय शीर आहे!"

रंजनानं शिंगाडा तोंडात टाकला. "हाव न वहिनी. काढा सुई. इथीच बाटली भरून टाकू."

पार्बताबाईला आमचं बोलणं कळलं नाही. तिनं माझं मनगट धरून पट्टीचा वळ पाहिला. लाल, खोल, बांगडीसारखा गोल.

"कोणं आवळलं हे?"

"मीच."

"आपल्याच हाताले? दोरी जाळ्याले आवळाची, बाई. हाताले नाई."

मग तिनं तलावाकडे हाक मारली. जाळं ओढणारा एक जण, तिचा पुतण्या असावा, हात उंच करून दाखवू लागला. त्याच्या मनगटाला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळलेली आणि तिच्यावर जाळ्याच्या दोरीचा फास. पार्बताबाई म्हणाली, "त्याच्या फासात दोन बोटं जाते. बगा पाह्यजे त जाऊन. नाई गेली तर मी त्याले ओढू देत नाई. आवळून बांधलं का हात मरते न जाळं सुटते."

मी पाळीवर तशीच बसले. एका हातात शिंगाडा आणि डोक्यात तेवीस वर्षं.

दंडाला पट्टा बांधायचा तो शीर वर यावी म्हणून. तो मिनिटाच्या वर ठेवायचा नसतो. हे मी दर वर्षी नव्या मुलींना शिकवते, घड्याळ दाखवून शिकवते. माझ्या हाताला पट्टी म्हटली की ओढून, टोकाला टोक भिडवून बांधायची, एवढंच माहीत. दोन्ही दिवस सकाळी मी स्वतःच्या मनगटांना रक्त काढायचे पट्टे बांधले होते आणि ते तासन् तास ठेवले होते. एक नंबर लहान मोजा घेतल्यानं उरलेली जागाही गेली होती. आणि भद्रावतीला? तेव्हा साधे सुती मोजे होते, पण ते घसरू नयेत म्हणून वरून रबर लावले होते. घट्ट.

मी हे रंजनाला सांगितलं. तिनं शिंगाड्याचं साल खाली ठेवलं आणि म्हणाली, "वहिनी, पाच महिने तुमी दुकानं फिरल्या. दादाले घेऊन फिरल्या. डॉक्टरकडे गेल्या."

"हो."

"न दोष पट्टीचा."

"पट्टी माझी नव्हती का? दोष माझाच."

"मी तेच म्हणून राह्यलो, पण मोठ्या भावजयीले तोंडावर कसं म्हणावं!" ती पाळीवर आडवी होऊन हसली. पार्बताबाईला कारण कळलं नव्हतं तरी तीही हसली. जाळंही तेवढ्यात काठाला आलं. चांदीसारखी बारीक मासळी आणि मधे दोन मोठ्या मरळी.

तिथून गडचिरोलीपर्यंत मी पट्टी सैल ठेवली, दोन बोटं सहज जातील इतकी. मोजा सरकेल अशी भीती होती. चामडं हाताच्या घामानं थोडं मऊ झालं होतं, ते सरकलं नाही. व्याहाडच्या पुढे वैनगंगेच्या पुलावर आम्ही मधोमध थांबलो. पाणी वाळूच्या पट्ट्यांमधून तीन धारांनी वाहत होतं. पलीकडे गडचिरोली जिल्हा सुरू होतो. मी तर्जनी पुलाच्या कठड्यावर फिरवली. सिमेंट खरखरीत लागलं. इतकं खरखरीत सिमेंट मला आजवर कधी आवडलं नव्हतं.

संध्याकाळची परीक्षा, पाचपैकी चार. चुकलेला एक ठिपका अर्ध्या बोटानं चुकला होता.

शुक्रवार. गडचिरोली ते आरमोरी

अडतीस किलोमीटर. लाल एका हाताला, काळा दुसऱ्या हाताला.

हे असं का, ते सांगते. पट्टी सैल केल्यावर हात सुधारला, म्हणजे दोष एकट्या पट्टीचा होता, हे सिद्ध होत नाही. मोज्याचाही असू शकतो. पहिल्या दिवशी लाल घातला आणि दुसऱ्या दिवशी काळा, तर रस्ता वेगळा, थंडी वेगळी, दमणूक वेगळी. खरी तुलना एकाच वेळी, एकाच रस्त्यावर, एकाच बाईच्या दोन हातांवर व्हायला हवी. म्हणून डाव्या हाताला लाल आणि उजव्याला काळा, आणि अर्ध्या रस्त्यावर अदलाबदल.

निघायला मात्र उशीर झाला. आदल्या संध्याकाळी मी चामड्याचे मोजे साबणानं धुऊन ठेवले होते आणि सकाळी उन्हात टाकले. तासाभरात ते पापडासारखे कडक. बोट घातलं तर करकर आवाज. लॉजवर झाडलोट करणाऱ्या बाईनं ते हातात घेतले, वाकवून पाहिले आणि आत जाऊन मोहाच्या बियांचं तेल आणलं. दोन थेंब चोळून म्हणाली, "चामड्याले ऊन नाई दाखवाचं. सावलीत ठेवाचं न तेल द्याचं, बैलाच्या पट्ट्यावानी." मोजा पुन्हा मऊ झाला. वास मात्र आरमोरीपर्यंत सोबत आला.

पोर्ल्याला चहा घेतला. टपरीवाली बाई गाळणीतून चहा ओतता ओतता माझ्या हातांकडे पाहत राहिली.

"एक हरपला का बाई?"

"नाही. दोन्ही आहेत."

"मंग एक लाल न एक काळा काऊन?"

रंजना मधेच म्हणाली, "त्याईचं लगन जमून राह्यलं. कोणता पसंत करावा ते पाहून राह्यल्या."

"अस्सं," बाई म्हणाली. आणि जरा विचार करून, "काळा घ्या. लालाची शिवण उसवली."

माझी घातलेली शिवण पुन्हा सुटली होती, ते मला तिच्यामुळे कळलं. इथेच मी मोजे बदलले, लाल उजव्या हातात आणि काळा डाव्या हातात.

निकाल असा. पोर्ल्याच्या आधी डावा हात बावन्नाव्या मिनिटाला झिणझिणला, उजवा नाही. पोर्ल्यानंतर उजवा पन्नासाव्या मिनिटाला, डावा नाही. म्हणजे लाल ज्या हातात, तो हात दुखावतो, पट्टी सैल असूनसुद्धा. कारण हातानं दाबून पाहिल्यावर लगेच समजलं. त्याची जेलची गादी तळव्याच्या बरोबर मध्यावर आहे, मनगटातली नस जिथून तळव्यात येते तिथे. दाबलं की ती गादी नसेवरच बसते. काळ्याचा फोम दोन कडांना आहे आणि मधली खळगी मोकळी. दुकानात हाताला मऊ लागतो तो मोजा मऊ नसतो. मूठ वळवून, हँडल धरून, अंगठ्यानं तळव्याचा मध्य दाबून पाहावा. तिथे पोकळी लागली तर घ्यावा.

उन्हं कलायच्या आत आरमोरी आलं. वेशीपासूनच लोक रंजनाला हाका मारत होते. "मॅडम, सायकलनं आल्या का वं?" आणि ती प्रत्येकाला चंद्रपूरहून असं मोठ्यानं सांगत होती. तिच्या मिस्टरांनी तिची सायकल ओट्यावर चढवून घेतली, चाकाची हवा दाबून पाहिली आणि म्हणाले, "मले वाटलं मूलवरून फोन येईन, टेम्पो पाठव म्हणून." रंजना म्हणाली, "तुमी फोनजवळ बसून राह्यले न? बरं झालं. घरी त होते." जेवायला मोठे झिंगे घातलेलं कालवण आणि भात होता. ते मी तीन वेळा घेतलं.

परीक्षा. मी डोळे मिटले. कोपर, कोपर, मनगट, मनगट, हाताची पाठ. रंजना ठिपके देत गेली. डोळे उघडले तर पाचही ठिपके शिरेवर. ते पाहून रंजनाच्या सासूबाईही बाही वर करून पुढे आल्या. "माही बी पाय." त्यांची शीर बारीक होती आणि बोट ठेवलं की सरकायची. डोळे मिटूनच सापडली. मला नाचावंसं वाटलं. पण सासूबाईंसमोर नाचायचं कसं, म्हणून मी फक्त आणखी एकदा झिंगे घेतले.

शनिवार. आरमोरी ते वडसा

सतरा किलोमीटर. दोन्ही हातांत काळा. लाल जोड रंजनानं ठेवून घेतला, विहिरीची दोरी ओढताना घालायला. तिथे तो बरा चालतो असं तिनं नंतर कळवलं.

ती वडशापर्यंत सोडायला आली. वडसा म्हणजे रेल्वे, धानाच्या गिरण्या आणि थंडीत नाटकं. चौकात एकाला एक लागून नाटकांच्या पाट्या, त्यांच्यावर डोळे मोठे केलेले खलनायक. भोंगा लावलेली रिक्षा आजच्या नाटकाचं नाव सांगत फिरत होती. रंजना म्हणाली, "थांबा आजच्या दिवस. एक नाटक पाहून जा. रडून रडून तुमचा रुमाल कामी येईन." मला सोमवारी कामावर जायचं होतं आणि त्याआधी एक दिवस घरच्यांचा होता. चंद्रपूरच्या चांदा फोर्ट स्टेशनला जाणारी गाडी आली. सायकल सामानाच्या डब्यात गेली. गाडी हलली तसा रंजनानं खिडकीतून हात आत घातला आणि म्हणाली, "एकदा शेवटची पाहून घ्या." मी तिच्या मनगटावर बोट ठेवलं. नाडी फार जोरात चालली होती.

सोमवारी सकाळी आठ वाजता पहिला नंबर पंचावन्नच्या आसपासच्या एका बाईंचा होता. सिंदेवाहीकडच्या. अंगानं जाड, आणि आठवडाभर तापानं पडून उठलेल्या. खुर्चीत बसतानाच म्हणाल्या, "बाई, आधीच सांगून ठेवतो. दुसऱ्या दवाखान्यात तीन ठिकाणी टोचलं. माही शीर कोणालेच सापडत नाई."

मी रबरी मोजे घातले आणि दंडाला पट्टा बांधला. कोपरात काहीच दिसत नव्हतं. मी तर्जनी ठेवली आणि खिडकीबाहेर पाहिलं. पहिल्यांदा नुसती चरबी लागली. मग जरा बाहेरच्या अंगाला, खोल, काहीतरी दबलं आणि वर आलं. मी पुन्हा दाबलं. पुन्हा वर आलं. मी जागा पुसली आणि सुई घातली. नळीत रक्त चढलं, गडद आणि एकसारखं. चाळीस सेकंदांच्या आत मी पट्टा सोडला.

"झालं?" त्यांनी डोळे घट्ट मिटले होते.

"झालं."

"लागलंबी नाई, बाई." त्यांनी एक डोळा उघडला, नळी पाहिली, दुसरा उघडला. मी मोजे काढून टाकले तसं त्यांचं लक्ष माझ्या हातांवर गेलं. बोटं उन्हानं काळवंडलेली आणि त्यांच्या मागे पांढरी पाठ. मधे सरळ रेघ. "हे हात असे दोन रंगाचे काऊन? काही बिमारी आहे का?"

"नाही. सायकल चालवते."

"एवढी?"

"वडशापर्यंत गेले होते."

"वडसा?" त्यांनी कोपरात कापूस धरून माझ्याकडे नीट पाहिलं. "घरी कोणी रागावत नाई का तुमाले?"

"रागावतात ना," मी म्हणाले, "पण सायकल विकायला सांगत नाहीत आता."

"विकू नका," बाई म्हणाल्या आणि उठल्या. दारापाशी थांबून मागे वळल्या आणि बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "भेऊ नका. ह्या सायकलवाल्या बाईकडं जा. लागत नाई."